सॉफ्टवेअर घेण्याआधी आपले फोटो बघा

नवा कॅमेरा घरात आला की पहिले काही दिवस तो गळ्यातून उतरत नाही. मग लॅपटॉपवर फोटोंचा ढीग साठतो आणि प्रश्न सुरू होतो: एडिटिंगला कोणतं सॉफ्टवेअर घेऊ? ज्याला विचारावं तो आपण वापरतो त्याचंच नाव सांगतो. लग्नाचे फोटो काढणारा फोटोशॉप म्हणतो, पक्ष्यांमागे फिरणारा लाइटरूम म्हणतो आणि संगणकातला जाणकार मित्र ‘पैसे कशाला घालवतोस, गिम्प टाक’ म्हणून मोकळा होतो. तिघंही आपापल्या कामापुरतं खरंच सांगत असतात. तुमचं काम काय आहे, हे मात्र त्यांना ठाऊक नसतं आणि बऱ्याचदा तुम्हीही ते नीट तपासलेलं नसतं.

म्हणून सुरुवात सॉफ्टवेअरच्या यादीपासून करू नका. गेल्या वर्षभराच्या फोटोंचं फोल्डर उघडा. ज्यांवर तुमचा जीव आहे, पण जे मनासारखे दिसत नाहीत, असे पाच-सहा फोटो बाजूला काढा. अवघडच निवडा. भिगवणला पहाटेच्या अंधुक उजेडात टिपलेले रोहित पक्षी, मांडवातल्या जांभळ्या एलईडीखाली उभी असलेली आत्या, कोकणकड्यावरून घेतलेला दरीचा धुरकट फोटो, आजी-आजोबांच्या लग्नाच्या पिवळ्या पडलेल्या फोटोचं स्कॅन, विसर्जनाच्या मिरवणुकीत गुलालाने माखलेला चेहरा. पुढे जे जे सॉफ्टवेअर हातात येईल, त्याची परीक्षा याच फोटोंवर घ्यायची.

गुलालाचाच फोटो घेऊ. कॅमेऱ्याने जेपीजी बनवून दिला असेल, तर त्यात लाल, हिरवा आणि निळा अशा प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात. भर उन्हातल्या गुलालात लाल रंग वरच्या टोकाला, म्हणजे २५५ ला, जाऊन टेकतो. मग कपाळावरच्या सुरकुत्या, भुवईत अडकलेले गुलालाचे कण, गालावरून ओघळलेला घाम, सगळं मिळून एक सपाट गुलाबी डाग होतो. एकूण उजेडाचा हिस्टोग्राम पाहिला तर त्यात काही बिघडलेलं दिसत नाही. लाल रंगाचा आलेख वेगळा पाहिला, तरच तो उजव्या टोकाला चिकटलेला कळतो. हाच फोटो रॉमध्ये, म्हणजे सेन्सरच्या कच्च्या नोंदीच्या फाइलीत, काढला असेल, तर १२ बिटच्या फाइलीत ४,०९६ आणि १४ बिटच्या फाइलीत १६,३८४ पायऱ्या असतात. जेपीजीत गेलेला तपशील तिथे बहुतेक वेळा शिल्लक असतो. एक्स्पोजर थोडं खाली आणा, लाल आणि मॅजेंटा एवढ्याच रंगांचा भडकपणा उतरवा, की सुरकुत्या परत दिसू लागतात. म्हणजे या एका फोटोने सॉफ्टवेअरकडे तीन गोष्टी मागितल्या: रॉ उघडता यावं, तिन्ही रंगांचे आलेख वेगवेगळे दिसावेत आणि एकेका रंगावर स्वतंत्र ताबा असावा. तुमचे बाकीचे फोटोही अशाच मागण्या करतील. त्या कागदावर उतरवून काढा. जाहिरातीतल्या पन्नास सोयींपैकी तुम्हाला कोणत्या लागतात, ते त्या कागदावरून कळेल.

आता सॉफ्टवेअरकडे वळू. यात दोन घराणी आहेत आणि त्यांची गल्लत झाली की पैसे चुकीच्या ठिकाणी जातात. पहिलं घराणं रॉ डेव्हलप करणाऱ्यांचं: लाइटरूम, कॅप्चर वन, डीएक्सओ फोटोलॅब, डार्कटेबल, रॉथेरपी. ही सॉफ्टवेअर मूळ फाइलीला हात लावत नाहीत. उजेड इतका वाढवला, इथून कापलं, आकाश एवढं गडद केलं, अशा सूचनांची नोंद ठेवतात आणि शेवटी नवी प्रत काढून देतात. पूर्वी रोल धुवायला टाकायचा, तेव्हा निगेटिव्ह जशीच्या तशी राहायची आणि प्रिंट हवी तशी काढता यायची, तसं. दुसरं घराणं थरांवर काम करणाऱ्यांचं: फोटोशॉप, गिम्प, अफिनिटी. इथे एका फोटोवर दुसरा ठेवता येतो, फाटलेला कोपरा शेजारच्या कागदाच्या पोताने भरता येतो, अक्षरं घालता येतात.

सहलीचे, पक्ष्यांचे, सणासमारंभाचे शेकडो फोटो हाताळणाऱ्या हौशी छायाचित्रकाराचं बहुतेक काम पहिल्या घराण्यात होतं. तरी लोक पहिली उडी फोटोशॉपवर मारतात, कारण नाव तेच कानावर असतं. १९९० पासूनचं ते सॉफ्टवेअर ताकदीचं आहे यात वाद नाही. पण ४०० फोटोंतून ३० निवडणं, त्या तिसांचा रंग एकसारखा करणं, हे काम त्यात कष्टाचं होतं. याउलट आजोबांच्या फोटोवरची घडीची रेघ काढायची असेल, चेहऱ्यावरून गेलेली बुरशी एकेक ठिपका करून पुसायची असेल, तर थरांशिवाय निभाव लागत नाही. असे जुने फोटो आधी निदान ६०० डीपीआयला स्कॅन करा, दुरुस्ती वेगळ्या थरावर करा आणि मूळ स्कॅन तसंच ठेवा. पुढच्या पिढीतलं कुणीतरी ते काम तुमच्याहून चांगलं करील.

पैसे खर्च करण्याआधी तुमच्या कॅमेऱ्याच्या कंपनीचं स्वतःचं सॉफ्टवेअर नक्की वापरून पाहा. कॅननचं डिजिटल फोटो प्रोफेशनल, निकॉनचं एनएक्स स्टुडिओ, सोनीचं इमेजिंग एज डेस्कटॉप, फुजीफिल्मचं एक्स रॉ स्टुडिओ. ही सगळी मोफत मिळतात आणि का कोण जाणे, त्यांचं नाव कुणी काढत नाही. त्यांचा मोठा गुण रंगांत आहे. इतर सॉफ्टवेअरमध्ये रॉ फाइल उघडली की क्षणभर फोटो झकास दिसतो आणि मग डोळ्यांदेखत फिका पडतो. नवा माणूस घाबरतो. घडतं ते असं: रॉ फाइलीच्या पोटात कॅमेऱ्याने एक छोटा जेपीजी ठेवलेला असतो, तो आधी दिसतो. मग सॉफ्टवेअर रॉचा स्वतःचा अर्थ लावतं आणि कॅमेऱ्यात तुम्ही निवडलेली रंगाची शैली त्यात बहुधा धरलेली नसते. कंपनीचं सॉफ्टवेअर ती शैली जशीच्या तशी लावतं. फुजीचं तर काम संगणकाऐवजी केबलने जोडलेल्या कॅमेऱ्याच्या प्रोसेसरकडूनच करून घेतं. यांचा वेग कमी आहे, मांडणी कोरडी आहे आणि दुसऱ्या कंपनीचा कॅमेरा घेतला की ती बाजूला पडतात. पण रॉ म्हणजे काय हे शिकायला पहिले काही महिने ती पुरेशी आहेत.

फोनवरच फोटो काढत असाल, तर स्नॅपसीडपुढे जायची घाई नको. ते मोफत आहे आणि त्यातलं ‘सिलेक्टिव्ह’ हे एकच साधन नीट शिकलात, तरी सावलीतला चेहरा आकाशाला धक्का न लावता उजळता येतो.

मोफत सॉफ्टवेअरबद्दल आपल्याकडे एक अढी आहे: फुकट आहे म्हणजे कच्चं असणार. डार्कटेबलला हे अजिबात लागू नाही. २००९ पासून जगभरचे प्रोग्रॅमर ते हौसेने घडवत आहेत. विंडोजवरही ते २०१७ च्या अखेरीस आलं. कॅमेऱ्याच्या मॉडेलनुसार नॉइज काढणं, रंगावर, उजेडावर आणि आकारावर आधारित मास्क, सगळं त्यात आहे. अडचण शिकण्याची आहे. तिथे एकाच कामाला चार मॉड्यूल सापडतात आणि कुठलं आधी वापरायचं ते कुणी सांगत नाही. दोन-तीन रविवार बसायची तयारी असेल तरच त्याच्या वाटेला जा. गिम्पची २०२५ मधली ३.० आवृत्ती येईपर्यंत त्यात एकदा लावलेला फिल्टर नंतर बदलता येत नसे. आता येतो, त्यामुळे जुन्या तक्रारी ऐकून त्याला नाकारू नका. अफिनिटी आधी एकरकमी विकत मिळायचं. २०२४ मध्ये कॅनव्हाने ती कंपनी घेतली आणि २०२५ च्या ऑक्टोबरपासून ते मोफत झालं. कॅनव्हाचं खातं मात्र उघडावं लागतं.

विकतच्या सॉफ्टवेअरचा हिशेब महिन्याच्या हप्त्यावर करू नका. हप्त्याला ६० ने गुणा, पाच वर्षांचा आकडा समोर ठेवा आणि तेवढ्यात कोणती लेन्स आली असती किंवा ताडोबाच्या किती सफारी झाल्या असत्या, ते पाहा. तरीही घ्यावंसं वाटलं तर खुशाल घ्या. लाइटरूम क्लासिकमध्ये फोटो चाळणं, निवडणं आणि सुधारणं ज्या सहजतेने एका जागी होतं, ती सहजता मोफत पर्यायांत मला अजून दिसलेली नाही. ज्याचे फोटो दरमहा हजारांत जातात, त्याचा वाचलेला वेळ त्या पैशांहून मोलाचा आहे. मात्र अडोबीच्या ‘वार्षिक करार, मासिक हप्ता’ योजनेत १४ दिवसांनंतर मध्येच बाहेर पडलात, तर उरलेल्या रकमेतला काही भाग भरावा लागतो. बटण दाबण्याआधी ते वाचा. हप्ता नको असेल, तर डीएक्सओ आणि कॅप्चर वन एकरकमी परवाना देतात.

पण एकरकमी म्हणजे कायमचं, असंही धरून चालू नका. लाइटरूम ६ ही एकरकमी मिळणारी शेवटची आवृत्ती होती आणि २०१७ च्या अखेरीस तिचे अपडेट थांबले. २०१८ मध्ये कॅननने ईओएस एम५० सोबत सीआर३ ही नवी रॉ फाइल आणली. ज्यांनी लाइटरूम ६ पूर्ण पैसे मोजून घेतलं होतं, त्यांना नवा कॅमेरा घेतल्यावर त्याच्या फाइली उघडेनात. अडोबीच्या मोफत कन्व्हर्टरने त्या डीएनजीत बदलून घेतल्या तर काम भागतं, पण दर वेळी एक पायरी वाढते. कॅमेरा बदलायचं मनात असेल, तर सॉफ्टवेअर नवा कॅमेरा ओळखतं का, ते आधी पाहा.

क्रॅक केलेल्या प्रती आपल्याकडे इतक्या रुळल्यात की त्यात काही वावगं आहे असंही कुणाला वाटत नाही. एक तर ती दुसऱ्याच्या कष्टांची चोरी आहे. दुसरं, अँटिव्हायरस बंद करून, कुठून आली हे माहीत नसलेली फाइल तुम्ही त्याच लॅपटॉपवर चालवता, ज्यावर बँकेचे व्यवहार आणि मुलांचे सगळे फोटो असतात. इतके चांगले मोफत पर्याय असताना हा धोका का पत्करायचा?

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट. सॉफ्टवेअरमध्ये शिरायला किती पैसे लागतात, हे सगळे पाहतात. त्यातून बाहेर पडायला काय लागेल, हे फारसं कुणी पाहत नाही. पिकासा अनेकांना आठवत असेल. घरोघरी तेच असायचं. गुगलने ते २०१६ मध्ये बंद केलं. त्यात केलेल्या ज्या सुधारणा वेगळ्या सेव्ह केलेल्या नव्हत्या, त्या प्रत्येक फोल्डरमधल्या एका छोट्या दडलेल्या फाइलीत नोंदलेल्या होत्या आणि ती भाषा पिकासालाच कळत होती. दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये फोटो उघडले की मूळचेच दिसायचे. अ‍ॅपलच्या अ‍ॅपर्चरचंही तेच झालं. २००५ ला आलेलं, व्यावसायिकांनी उचलून धरलेलं ते सॉफ्टवेअर कंपनीने २०१४ मध्ये थांबवत असल्याचं जाहीर केलं आणि मॅकओएसच्या मोजावेनंतरच्या आवृत्त्यांवर ते चालेनासं झालं.

हे आजच्या प्रत्येक सॉफ्टवेअरला लागू आहे. लाइटरूममध्ये केलेलं काम कॅप्चर वनमध्ये जसंच्या तसं जात नाही, डार्कटेबलचं डीएक्सओमध्ये जात नाही. तारांकन आणि कीवर्ड जाऊ शकतात, तेही फोटोसोबतच्या एक्सएमपी नावाच्या छोट्या नोंद-फाइलीत उतरवलेले असतील तरच. लाइटरूम क्लासिक ते मुळात आपल्या कॅटलॉगमध्ये ठेवतं. एक्सएमपीत लिहिण्याची सोय तुम्हाला सेटिंगमध्ये जाऊन चालू करावी लागते. ती पहिल्याच दिवशी करा. हप्ता थांबला तरी लाइटरूम क्लासिक उघडतं, फोटो दिसतात, एक्स्पोर्टही होतात, फक्त नवीन सुधारणा करता येत नाही, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. कोणतंही सॉफ्टवेअर घेण्याआधी हाच प्रश्न विचारा: पैसे भरणं थांबवलं त्या दिवशी माझ्या हातात काय उरेल?

त्यासाठी मूळ फोटो नेहमी तुमच्या साध्या फोल्डरमध्येच ठेवा, वर्ष आणि तारखेच्या नावाने, सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या पेटीत नव्हे. वर्षातून एकदा सगळ्यात आवडते फोटो तयार स्वरूपात बाहेर काढा. २४ मेगापिक्सेलची १६ बिट टिफ फाइल कॉम्प्रेस न करता सुमारे १४४ एमबीची होते, त्यामुळे टिफ मोजक्याच फोटोंची आणि बाकीच्यांचे पूर्ण आकाराचे, वरच्या दर्जाचे जेपीजी.

चाचणीची मुदत लहान असते. अडोबीची तर आठवड्याचीच. म्हणून ती सुरू करण्याआधी काढून ठेवलेले फोटो तयार हवेत आणि संध्याकाळ मोकळी हवी. दोन सॉफ्टवेअर घ्या, दोन्हींवर तेच फोटो करा. वारीतला फोटो असेल तर व्हाइट बॅलन्सचा ड्रॉपर वारकऱ्याच्या टोपीवर लावून पाहा, पण टोपीच्या उन्हातल्या भागावर नको, कारण तो बहुधा जळून पांढराफटक झालेला असतो आणि त्यात रंगाची माहितीच उरलेली नसते. टोपीची किंचित सावलीतली कड घ्या. ड्रॉपरने चेहऱ्याचा रंग कुठे नेला आणि मग तुम्हाला तो हाताने किती परत आणावा लागला, यातून त्या सॉफ्टवेअरचा स्वभाव कळतो.

चेहऱ्याच्या रंगाबद्दल आग्रहाने सांगतो. फोनवरची आणि आता संगणकावरचीही अनेक ‘ब्यूटी’ बटणं एका दाबात सावळा चेहरा गोरा करतात, त्वचा मेणासारखी गुळगुळीत करतात. उन्हात शेतात राबलेल्या काकांचा चेहरा असा धुवून काढण्यात त्यांचा अपमान आहे. जे सॉफ्टवेअर ‘ऑटो’ दाबल्यावर तुमच्या माणसांना ओळखू येणार नाही असं करतं आणि ते कमी-जास्त करायची पट्टीही देत नाही, ते पहिल्याच संध्याकाळी काढून टाका.

एआयच्या सोयींत नॉइज काढणं खरोखर उपयोगी आहे. भिगवणच्या पहाटे आयएसओ ६,४०० वर काढलेला फोटो डीएक्सओच्या डीपप्राइममधून किंवा लाइटरूमच्या डीनॉइजमधून गेला की पंखांचे पदर सुटे दिसू लागतात. ही कामं ग्राफिक्स कार्डावर चालतात. साध्या लॅपटॉपवर एकेका फोटोला कित्येक मिनिटं लागली, तर त्या सोयीचे पैसे वाया. १६ जीबी रॅम आणि एसएसडी नसेल, तर सॉफ्टवेअरआधी तिकडे पैसे घाला.

नसलेली गोष्ट फोटोत घालणारं किंवा असलेली उडवणारं एआय मात्र जपून वापरा. स्पर्धांना फोटो पाठवणाऱ्यांनी तर जास्तच. फियाप, पीएसए आणि आरपीएस या संस्थांची निसर्ग छायाचित्रणाची सामाईक व्याख्या आहे. तिच्यात कापणं, उजेड-रंग सुधारणं, नॉइज कमी करणं, सेन्सरवरच्या धुळीचा ठिपका काढणं चालतं. पक्ष्यासमोरची आडवी काडी पुसणं चालत नाही. मोठ्या स्पर्धा मूळ रॉ फाइल मागवून पडताळतात. निसर्गाचे फोटो पाठवायचे असतील, तर तुम्हाला काडी पुसणारं साधन लागणारच नाही आणि त्यावर खर्च करायचंही कारण नाही.

फोटोवर मराठी मजकूर घालणार असाल, पत्रिका किंवा शुभेच्छापत्र करणार असाल, तर चाचणीत ‘विठ्ठल’, ‘कीर्ती’, ‘श्रद्धा’ आणि ‘ऱ्हस्व’ हे चार शब्द युनिकोडमध्ये टाइप करून पाहा. जोडाक्षरं फुटली, वेलांटी अक्षराच्या मागे गेली, तर ते सॉफ्टवेअर या कामाचं नाही. गिम्पमध्ये देवनागरी सरळ उमटते. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत टाइपच्या सेटिंगमध्ये जाऊन दक्षिण आशियाई लिपींचा पर्याय निवडावा लागतो. तो न निवडल्यामुळे कित्येक फलकांवर विठ्ठलाचं नाव मोडून छापलं गेलं आहे.

दोन सॉफ्टवेअरांमध्ये निवड होईना, तर निकाल कागदावर लावा. एकच फोटो दोन्हींत तुमच्या मनासारखा करा आणि दोन्हींच्या प्रिंट काढा. १२ बाय १८ इंचाला ३०० डीपीआयने ३,६०० बाय ५,४०० पिक्सेल लागतात, म्हणजे २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा पुरून उरतो. चाचणीला ८ बाय १२ सुद्धा चालेल. एक्स्पोर्ट करताना रंगाची जागा एसआरजीबी ठेवा, कारण बहुतेक लॅब तीच धरून चालतात. लॅबवाल्याला बजावून सांगा की दोन्ही फाइलींना ऑटो करेक्शन लावू नका. ते लावलं तर त्याचं मशीन दोन्ही प्रिंट एकसारख्या करून देईल आणि कुठलं सॉफ्टवेअर बरं, ते कळणारच नाही.